खिडकी थोडा वेळ बंद

ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस. आधीच सांगून टाकतो, मी धडधाकट आहे, हातपाय जागच्या जागी आहेत आणि हे पत्र स्वतःच्या घरी, स्वतःच्या खुर्चीत बसून लिहितोय. आता पुढचं वाच.

गेल्या सोमवारी मला मुतखड्याने गाठलं. तेही कुठे, तर गोदीवर, क्रेनच्या केबिनमध्ये, आणि खाली जहाजातून उचललेली भली मोठी पेटी लटकत असताना. आधी वाटलं उसण भरली. मग कमरेत कुणीतरी पाना घालून पिळतंय असं झालं. शर्ट घामाने चिंब. तरी पेटी मी ट्रकवर अलगद टेकवली, आकडे सुटेपर्यंत थांबलो आणि मगच वायरलेसवर मुकादमाला कळवलं की मी बहुतेक मरतोय. तो म्हणाला, मरायचं असेल तर खाली येऊन मर, वर आम्हाला स्ट्रेचर आणता येत नाही. बोलायला तिरका आहे, पण अर्धी शिडी स्वतः चढून आला आणि माझा एकेक पाय धरून पायरीवर ठेवत त्याने मला उतरवलं.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि दुखणं असं पळालं की मी त्या नर्सबाईंना आयुष्यभर विसरणार नाही. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसभरात पाणी किती पिता. मी खरं ते सांगितलं. सकाळी वर चढताना एक घोट, संध्याकाळी उतरल्यावर तांब्याभर. मधे प्यायलो तर मधे उतरावं लागतं, आणि मी उतरलो की खालची सगळी गोदी कमरेवर हात ठेवून वर बघत बसते. आपल्या बाबांचाही नियमच होता ना, हातातलं काम टाकून उठायचं नाही. शिलाईच्या मशीनवर बसले की सदरा पुरा होईस्तोवर उठत नसत. हे मी बाईंना मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांच्यावर काही छाप पडली नाही.

खडा बारका आहे, आपणहून पडेल म्हणाल्या. तोवर लघवी गाळून बघायची. त्यासाठी मी चहाची गाळणी उचलली, तर सौ.ने ती माझ्या हातात कायमची सोपवली आणि नवी आणली. आता जुन्या गाळणीला लाल दोरा बांधलाय, म्हणजे पाहुण्यांच्या चहात घोटाळा नको.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो दुखऱ्या कुशीवरही असू दे.

तुझा,
ठेंगू


ता. ९ मार्च

चि. ठेंगूस,
अनेक आशीर्वाद.

आधीच धडधाकट असल्याचं सांगणारा माणूस धडधाकट नसतो, हे मला पोस्टाच्या खिडकीवर बसून इतक्या वर्षांत कळलंय. घरात सगळ्यांत बुटका म्हणून तुला ठेंगू म्हणायला लागलो, तर तू जाऊन बसलास सगळ्या गावाच्या डोक्यावर. आणि तिथे तहानलेला बसतोस. याला काय म्हणावं?

आता नीट ऐक. गरम पाण्याची पिशवी कमरेला लावू नकोस, मागे बरगडी संपते तिच्या जरा खाली लाव. कळ आली की अंथरुणात तळमळत राहू नकोस, उठून येरझारा घाल, भिंतीला हात टेकून वाकून उभा राहा. पोटातून ढवळून येतं, तेव्हा बादली हाताशी असू दे. कळ जाते तेव्हा अशी जाते की आपणच खोटारडे ठरतो. औषधाची वेळ त्या आनंदात चुकवायची नाही. मीठ कमी कर, लोणच्याची बरणी सौ.ला वरच्या फळीवर ठेवायला सांग. दूध मात्र सोडू नकोस, दुधाने खडा होतो हे उगाच बोलतात. मला हे सगळं आमच्या शेजारणीने सांगितलं, तिला झाला होता.

आणि उद्या डॉक्टरीणबाई ऑपरेशन म्हणाल्या तर नखरे करायचे नाहीत. लहानपणी दात काढायच्या वेळी तू पलंगाखाली जाऊन बसला होतास. आता वय झालंय, आणि पलंगही ठेंगणे आलेत.

इकडे सगळं ठीक. शेजारच्या खिडकीवरची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेलीय, त्यामुळे दोन्ही रांगा माझ्यापुढे. रजिस्टर पत्रं, पार्सलं, पेन्शनची मंडळी, सगळी. पण कामाच्या वेळात माझी खिडकी आजवर बंद झालेली नाही आणि होणारही नाही. पोस्टमास्तर नव्या पोरांना माझा दाखला देतात. तू आपलं पाणी पी. उतरावं लागलं तर उतर, जहाज काही उडून जात नाही.

सौ.ला आशीर्वाद. माया आहे ती राहीलच, तू तब्येत राख.

तुझी,
ताई


ता. १२ मार्च

प्रिय मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

मी पत्र लिहितोय यावरूनच तुम्ही ओळखलं असेल की पाणी गळ्याशी आलंय. आमच्या घरातर्फे पत्रं लिहिण्याचा मक्ता लग्नापासून तुमच्या ताईकडे आहे. मी चष्म्याच्या काचांवर नंबर लिहितो तेवढंच.

तिने तुम्हाला मुतखड्याबद्दल जे जे कळवलं, ते तिला शेजारणीने सांगितलेलं नाही. आमच्या शेजारी एक सुतार राहतो, तोही एकटाच. ती शेजारीण म्हणजे ती स्वतः.

महिना झाला. आधी दोन रात्री तिने भिंत धरून काढल्या. फोटो काढला, तर खडा चांगला चण्याएवढा आणि मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीत अडकून बसलेला. आपणहून पडण्यातला नाही. डॉक्टर म्हणाले, चिरफाड नाही, खालूनच दुर्बीण घालून लेझरने फोडतो, फार तर एक रात्र मुक्काम. हिने तारीख घेतली आणि त्याच सुमारास दुखणं थांबलं. झालं, बाईसाहेबांनी तारीख रद्द केली. म्हणते दुखत नाही म्हणजे गेला असेल. मी एकटाच जाऊन डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, दुखणं थांबलं तरी खडा तिथेच असू शकतो. वर पाणी तुंबून मूत्रपिंड सुजलंय, ते एक दिवस गुपचूप निकामी होईल, महिनाअखेरीपर्यंत काय ते करा. मी हे तिला सांगितलं, तर म्हणाली दोन रांगा टाकून कुठे जाऊ.

रांगा हे निमित्त आहे, मला कळतं. ती घाबरलीय, पण माझ्यापुढे कबूल करणार नाही. तुमच्यापुढे कदाचित करेल. मी तुम्हाला लिहिल्याचं मात्र तिला कळू देऊ नका. हे पत्र दुपारी, ती जेवायला बसते त्या वेळी, पोस्टाबाहेरच्या पेटीत टाकतोय, म्हणजे तिच्या नजरेस पडायला नको.

कळावे. लोभ असो, आणि त्यासोबत एखादी युक्तीही असो.

आपला,
चष्मेवाला


ता. १७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी आधी. खडा पडला. मंगळवारी सकाळी गाळणीत टण्ण वाजलं आणि मी न्हाणीघरातून अशी आरोळी ठोकली की सौ. हातातली कणीक घेऊन धावत आली. बघते तर काय, मोहरीपेक्षा थोडा मोठा, काट्याकाट्यांचा. एवढ्याशासाठी मी एवढा विव्हळलो, यावर तिचा विश्वास बसेना. काडेपेटीत घालून मी तो मुकादमाला दाखवायला नेला. त्याने मग सगळ्या क्रेनवाल्यांना दर दोन तासांनी खाली उतरण्याची सुट्टी लावून दिली. बोलला मात्र एवढंच, की तुम्हाला उतरवायला माझे गुडघे आता शिड्या चढण्याजोगे राहिले नाहीत.

आता वाईट बातमी. दुसऱ्या बाजूलाही एक खडा निघाला, मोठा, नळीत अडकलेला. दुखत काहीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात लेझरने काढूया. मी म्हणतो, दुखत नाही तर गेला असेल. शिवाय मी गेलो तर क्रेन कोण चालवणार? तू आमच्यात मोठी. तू सांगशील तसं करीन. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, ते तेवढं स्पष्ट लिही.

भाऊजींना नमस्कार सांग. त्यांचं बऱ्याच दिवसांत पत्र नाही.

लोभ आहे, तो तुझ्या निर्णयाची वाट बघतोय.

तुझा,
ठेंगू


ता. २२ मार्च

चि. ठेंगूस,
अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझे भाऊजी, दोघांनाही चोरी जमणार नाही, तेव्हा हातातले धंदे सोडू नका.

बारा तारखेला दुपारची पेटी उघडली, ती मीच उघडते. वरच तुझ्या नावाचं पाकीट. तो लांब शेपटीचा ळ आणि चष्म्याच्या नंबरासारखे तिरपे आकडे मी अंधारातसुद्धा ओळखीन. जो माणूस सख्ख्या आईला दोन ओळी लिहीत नव्हता, तो मेहुण्याला जाडजूड पाकीट धाडतो, म्हणजे त्यात माझ्याशिवाय काय असणार? उघडलं नाही हं. दुसऱ्याचं पत्र ते दुसऱ्याचं. शिक्का मारला, जरा जोरात बसला, आणि थैलीत टाकलं. त्या रात्री ते तीनदा म्हणाले की आज पोस्टात काही विशेष?

आणि तुझी थाप. दुसऱ्या बाजूचा मोठा खडा पहिल्या फोटोत दिसला नाही, तो काय डॉक्टरीणबाईंवर रुसून बसला होता? शिवाय तू जन्मात माझा सल्ला मागितलेला नाहीस. लग्नसुद्धा ठरवून मग कळवलंस.

तरीही मी तुला उत्तर लिहायला बसले. लिहिलं, वेड्या, क्रेन दुसरा कुणीही चालवेल, तुझं मूत्रपिंड कोण चालवणार? चांगलं पानभर झाडलं. मग चष्मा पुसून ते वाचलं आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. ते पान इथे जोडत नाही. ते मी माझ्याच उशीखाली ठेवलंय.

भीती वाटते रे. आता विचारलंसच तर सांगते. बाबा मधेच मशीनवरून उठले ते एकदाच, तेही आपण दोघांनी दोन्हीकडून धरून उठवलं म्हणून. अर्धा सदरा सुईखाली होता. ते दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. वर्षानुवर्षं त्यांची पाठ भरून यायची, पाठीला उशी लावून शिवायचे, आणि आपण समजायचो की वाकून वाकून दुखतेय. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, मूत्रपिंडं केव्हाची गेली आहेत, फार उशिरा आणलंत. मी त्यातलं उशिरा हे विसरून गेले आणि दवाखाना तेवढा लक्षात ठेवला.

तारीख परत घेतलीय, अठ्ठावीस. अट एकच. तू दाराबाहेर बसायचं आणि मी बाहेर येईपर्यंत हलायचं नाही. पाणी प्यायला उठलास तर चालेल.

सौ.ला आशीर्वाद. माया खूप आहे, या वेळी जरा तुझ्याकडूनही पाठव.

तुझी,
ताई


ता. १६ एप्रिल

चि. ठेंगूस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर शांत आहे. दवाखान्यातल्या नर्सबाई अजून तुझी चौकशी करतात. दाराबाहेर तू असा काही घाम पुसत बसला होतास, की त्यांनी तुलाच पेशंट समजून आत न्यायला खुर्ची आणली, हे त्या येईल त्याला सांगतात. मला शुद्ध आली तेव्हा समोर तू आणि तुझे भाऊजी, दोघं रडवेले आणि दोघांच्या हातात पाण्याचा पेला. दोन्ही मी प्यायले, नाही तर तुमच्यात भांडण लागलं असतं.

ऑपरेशनच्या वेळी लघवी मोकळी उतरावी म्हणून आत ठेवलेली ती प्लास्टिकची नळी गेल्या आठवड्यात काढली. ती होती तोवर जीव मेटाकुटीला आला होता, घटकेत मोरीकडे आणि घटकेत परत, पण काढली आणि सुटले. फोटोत मूत्रपिंडाची सूज उतरलीय. डॉक्टर म्हणाले अजून पंधरा दिवस गेले असते तर सांगता येत नव्हतं. हे ऐकून तुझे भाऊजी नुसती स्वतःच्या चष्म्याची काच पुसत राहिले. त्या पाकिटाबद्दल मी अजून त्यांना काही म्हटलेलं नाही. त्यांना वाटतंय की मला माहीत नाही. वाटू दे.

परवा कामावर हजर झाले. तुझ्या भाऊजींनी मला खिडकीत ठेवायला पुठ्ठ्याची पाटी करून दिलीय, नजर तपासायच्या तक्त्यासारखी. वर केवढ्या तरी अक्षरांत खिडकी, त्याखाली जरा लहान थोडा वेळ बंद, त्याखाली आणखी लहान पाणी प्यायला गेले आहे, आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लगेच येते. रांगेतली मंडळी वाकून वाकून ती शेवटची ओळ वाचतात. ज्यांना वाचता आली नाही, त्यांतले दोघे संध्याकाळी त्यांच्याच दुकानात चष्म्याला गेले. मला वाटतं, यात त्यांचा हेतू होताच.

पहिल्यांदा पाटी ठेवली तेव्हा ती दोनदा सरळ केली. रांग दारापर्यंत होती. मी आत गेले, स्टुलावर बसले आणि पेलाभर पाणी सावकाश प्यायले. एवढं सावकाश मी कामाच्या वेळात काहीच केलेलं नाही. परत आले, तर रांग होती तिथेच होती. सगळ्यांत पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तेवढ्यात पार्सल एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं होतं, बाकी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मला एकदम बाबा आठवले. सदरा थांबतो, बाबा, माणसंही थांबतात, हे त्यांना वेळेवर कुणीतरी सांगायला हवं होतं. डोळे भरून आले. ते गृहस्थ जरा घोटाळले, मग त्यांनी विचारलं, पाणी गार होतं का. मी हो म्हटलं आणि त्यांच्या पार्सलावर शिक्का मारला.

सौ.ला आशीर्वाद, तिच्या नव्या गाळणीलाही. लोभ आहे तो राहीलच. पत्र वाचून झालं असेल तर आता ऊठ आणि पेलाभर पाणी पी.

तुझी,
ताई