ओहोटीला घरी येणारी होडी

मी, नीराबाई बुधाजी चोगले, वय चौसष्ट, धंदा मासळीविक्री, राहणार दिघीच्या अलीकडचा कोळीवाडा, ता. श्रीवर्धन, जि. रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोळ्यांना चष्मा आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणी सांगितले म्हणून किंवा कोणाला भिऊन यात काही लिहिलेले नाही. मी शाळेत गेले नाही. मुलगी सुचिता हिने आपली दुसरीची पुस्तके पुढ्यात ठेवून मला अक्षरे शिकवली, पुढचे मी वाचत गेले. मसुदा वकिलांनी पाहिला. यातला अर्धा मजकूर मृत्युपत्रात लागत नाही, असे ते म्हणाले. मला लागतो, म्हणून ठेवला आहे.

१. राहते घर माझे पती कै. बुधाजी यांनी बांधले आणि त्यांच्यामागे माझ्या नावावर झाले. ते मुलगा पियूष आणि सुचिता या दोघांचे समान राहील. सुचिता नागावला सासरी सुखात आहे, तिला हिस्सा कशाला, असे कोणी म्हणेल. गरज नसतानाही जिथे जाता येते, ते माहेर.

२. बँकेतली शिल्लक माझे दिवसकार्य होऊन उरेल ती दोघांची. सोने शोधू नये. पाटल्या होडीच्या शेपटीत गेल्या, ते पुढे येईल.

३. माझी पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. तिथल्या पूनमताईंनी कुठलेही पुस्तक देताना ‘हे तुम्हाला जमेल का?’ असे कधी विचारले नाही. त्यांचे उपकार आहेत.

४. शेजारीण सखुबाई हिने माझी तांब्याची परात पियूषच्या बारशाला नेली. पियूषचे लग्न झाले, परात आलेली नाही. मागितली की म्हणते, ‘तुझी परात मी काय खाल्ली?’ ती परात आता तिची. होडीचे काम चालले होते तेव्हा कारागिरांच्या भाकऱ्या रोज तिनेच थापल्या, त्याच परातीत.

५. इंजिन. आमच्या होडीत डिझेलचे इंजिन मधोमध बसवलेले होते आणि पंखा होडीच्या पोटाखाली फिरे. तो वर घेता येत नसे. आमच्या खाडीच्या तोंडावर वाळू साचली आहे. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी असते. म्हणून भरती येईपर्यंत होड्या बाहेर उभ्या राहत.

त्या दिवशी बुधाजींच्या छातीत समुद्रावरच दुखू लागले. सुकाणूवर माझा धाकटा दीर नामा होता. तो तोंडापाशी आला तेव्हा पूर्ण ओहोटी होती. घर दिसत होते. मी किनाऱ्यावर टोपली घेऊन उभी होते, मीही त्यांना दिसत असणार. होडी वाळूत घातली असती तर पंखा रुतून ती लाटेला आडवी झाली असती, आणि होडीत आणखी माणसे होती. नामा थांबला. भरती आली, तोवर बुधाजी गेले होते.

‘नामाने भावाला घरासमोर ठेवून मारला,’ असे गावात काहींनी म्हटले. त्यांची नावे मी लिहीत नाही, त्यांनी हे कलम वाचावे. मी साक्षीदारांसमोर सही करून सांगते की नामाचा दोष नव्हता. पाणी नव्हते. त्याने बाकीच्यांना जिवंत आणले, आणि दादाचे डोके शेवटपर्यंत आपल्या मांडीवर ठेवले. याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

वर्षश्राद्ध झाल्यावर मी इंजिन काढायचे ठरवले. नामा दारात येऊन म्हणाला, “वयनी, दादाचं इंजिन काढलंस त होडीन काय र्‍हायलं? मी नाय बसाचा त्यान.” तो बसला नाही. दुसऱ्याच्या होडीवर जाऊ लागला. पण काढलेले इंजिन त्यानेच ओढून स्वतःच्या अंगणात नेले. ताडपत्रीखाली ठेवून अजून त्याला तेल घालतो, दसऱ्याला झेंडूची माळ घालतो. ते इंजिन या कलमाने त्याचे झाले. कोणी मागू नये.

६. होडी. उरणचा अल्पेश म्हात्रे फायबरचे काम करतो. त्याने तळातले भोक बुजवले, मागच्या फळीला फायबरची पोकळ, बंद पेटी जोडली आणि नवे, बाहेरचे इंजिन त्या पेटीवर टांगले. तो पेटीला पॉड म्हणतो, आम्ही शेपटी म्हणतो. माझ्या पाटल्या मोडून तिचे पैसे दिले. हे इंजिन हाताने वर उचलता येते, वाळूवरून होडी सरकत आत येते.

पहिल्या दिवशी मात्र आमची चूक झाली. इतकी वर्षे मधल्या इंजिनाचे वजन होडीला धरून होते, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. होडी पाण्यात सोडली तर मागे बसली आणि तोंड वर. सखुबाई किनाऱ्यावरून म्हणाली, “नीरा, होडी केलीस का उडाचं इमान?” सगळे हसले, मीही हसले. नामा बाजूला जाळे शिवत होता. तेव्हा तो माझ्याशी बोलत नव्हता, म्हणून त्याने जाळ्यालाच सांगितले, “बर्फाची पेटी फुडं घ्याला सांग. नांगर पन फुडं.” तसे केले. होडी सरळ झाली. तेव्हापासून ती तशीच चालते, आणि ती नामाच्या शब्दावर चालते असे मी मानते.

म्हणून होडी, शेपटी, तिच्यावरचे नवे इंजिन आणि जाळी पियूष आणि नामा यांना निम्मी निम्मी. पियूषला विचारले आहे. तो म्हणाला, “आई, माझं काय न्हाय. पन काका चढंल का?” मी म्हटले, चढवायचे काम माझे.

७. ते काम असे. माझ्या अस्थी याच होडीतून समुद्रात न्याव्यात. सुकाणूवर नामाने बसावे, दुसऱ्या कोणी नाही. भावजी, मी जिवंत असताना तुम्ही माझे ऐकले नाही, पण गेलेल्या माणसाचा शब्द तुम्ही मोडत नाही, हे मला ठाऊक आहे.

निघताना अशी वेळ बघावी की परत येताना पूर्ण ओहोटी असेल. तोंडापाशी थांबू नये. भरतीची वाट पाहू नये. इंजिन वर घ्यावे आणि पियूषला घेऊन सरळ घरी यावे. किनाऱ्यावर सखुबाई भाकऱ्या घेऊन उभी असेल, तिला मी सांगितले आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम सुचिताकडे देत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. लिहिलेले पुन्हा वाचले, तेच म्हणायचे होते.

सही : नीराबाई बुधाजी चोगले

नीराबाईंनी आमच्यासमोर, आम्ही त्यांच्यासमोर सही केली :
१. अल्पेश म्हात्रे, उरण
२. पूनम दिवेकर, ग्रंथपाल

स्थळ : श्रीवर्धन
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२४