ओन्ली गॅस

रुचिर भावजी,

वर 'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही.

काल टावर चौकात तुमचे मित्र भेटले. म्हणाले, "भाभी, व्हिएतनाम में रुचिर ने तो भाई को बचा लिया!" मी मान हलवली आणि भाजी घेऊन घरी आले.

तिथल्या इस्पितळात ह्यांना दरदरून घाम फुटला होता. काउंटरवरच्या नर्सने विचारलं, आधीचा काही आजार आहे का? मला इंग्रजी बोलता येत नाही, पण कळतं. तुम्ही हसून म्हणालात, "नो, नो. ओन्ली गॅस." मी तुमची बाही ओढली, तर मलाच दटावलंत, "वहिनी, चुप बसा. बायपासचं सांगितलं तर भरती करतील. उद्याची बोट चुकेल, सगळी ट्रिप चौपट होईल."

सख्खा भाऊ तुमचा!

मी ह्यांच्या शर्टाची बटणं काढली आणि छातीवरचा उभा व्रण तिला दाखवला. ती ओरडतच स्ट्रेचर आणायला धावली. दुसऱ्या दिवशी हे आयसीयूत होते आणि तुम्ही बोटीवरून फोटो पाठवत होतात.

ह्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. रोज म्हणतात, "रुचिर होता म्हणून वाचलो." मनाला धक्का बसेल असं काही सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि हे पत्र मिळताच तुम्ही ह्यांनाच फोन लावाल, म्हणून ते टाकत नाही. ज्या दिवशी डॉक्टर परवानगी देतील, त्या दिवशी तुम्हाला जेवायला बोलावेन आणि तुमच्यासमोरच ह्यांना सगळं सांगेन.

तुमच्या भावाची बायको,
जयू