अकरा ओल्या टोप्या

तापीकाठ, ता. शहादा, जि. नंदुरबार
चैत्र सरत आला

चि. मयूरी हिस हेमकांतकाकाचे पोटभर आशीर्वाद.

तुझा खांदा दुखायचा थांबला असेल आणि वसतिगृहात दोन वेळा गरम जेवण मिळत असेल, असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम. केळी बरी आहे, तुझ्या काकूचा गुडघा होता तसाच आहे, आणि तुझ्या बापाची छाती मात्र दोन बोटं फुगली आहे. जुने सदरे आता होत नाहीत, असं तो ज्याला त्याला सांगत फिरतो. तू दहा मीटर उंचावरून पाण्यात सूर मारून परदेशातून कांस्यपदक आणलंस, याचा मला अतिशय आनंद झाला आहे. (हे वाक्य काकूने तपासलं आहे.) मला कोणाचा हेवा वाटत नाही. पितांबर माझा सख्खा चुलतभाऊ, परका नव्हे. परक्याचं भलं झालं तर माणूस सहन तरी करतो.

पण पोरी, ती मुलाखत! ‘माझ्या यशामागे माझे बाबा’ एवढं तू म्हणालीस आणि मी टीव्ही बंद केला. पितांबर? जो तापीवरच्या प्रकाशा गावच्या पुलावरून जाताना बसमध्ये मधल्या सीटवर सरकून डोळे मिटतो? तू सहा वर्षांची असताना तुला केळीच्या खांबावर पालथी घालून आपल्या विहिरीत कोणी सोडलं? मी. तेव्हा काठावर कोण रडत होतं? तुझा बाप. (तू हसत होतीस.) आणि तुला पहिल्यांदा काठावरून उडी मारायला लावली तीही मीच, त्या दिवशी तुझ्या आईने मला चहासुद्धा विचारला नव्हता. हे सगळं मी बोलून दाखवत नाही, फक्त लिहितो.

अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या उड्या तुला आठवतच असतील. सगळ्यांनी विहिरीच्या काठावर गोल बसायचं, एकेकाने उडी मारायची, आणि नंतर आपल्या सालदार रायसिंगने फिरून काठावरच्या ओल्या टोप्या मोजायच्या. ज्याने जास्त टोप्या भिजवल्या त्याला तापीच्या वाळूतलं सर्वांत मोठं टरबूज. माझा आकडा अकरा. त्यात एक टोपी पोलीस पाटलाची होती. आज बावीस वर्षं झाली, तो अजून कोणी मोडलेला नाही. गुडघे छातीशी घेऊन अंगाचा मुटका करायचा आणि पाण्यावर बसायचं, यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता.

त्यामुळे तुझ्या स्पर्धेच्या दिवशी तुमच्या अंगणात टीव्हीपुढे अर्धा गाव जमला, तेव्हा जाणकार म्हणून मला पुढची खुर्ची मिळाली. सांगणारा इंग्रजीत बोलत होता म्हणून आवाज बंद ठेवला होता. तू वर उभी राहिलीस, हवेत अडीच कोलांट्या घेतल्यास आणि सुईसारखी आत गेलीस. शेजारच्या भिकुबाईने कपाळावर हात मारला, “वो माय, पानी बी उडनं नही! पोर चुकनी व माय!” दुसरी उडी तशीच. तिसरीही. खाली साडेआठ, नऊ असे आकडे येत होते, तेव्हा मीच लोकांना समजावलं, की आकडा जितका मोठा तितकी चूक मोठी. मग एक परदेशी पोरगी पाठीवर अशी आपटली, की कडेला बसलेले पंच भिजले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, सुवर्ण हिचंच. (ती शेवटची आली, हे मला मागाहून कळलं.)

खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला आतून गार वाटत होतं. पितांबर उपरण्यात तोंड लपवून बसला होता आणि मी उभा राहून हार-जीत यावर भाषण केलं. चांगलं झालं भाषण. “भाऊ, रडू नको, पोर जिती शे ना!” असं म्हणून त्याची पाठ थोपटली, ढोलवाल्यांना परत पाठवलं, पेढ्यांचा डबा कपाटात ठेवला. (दोन खाल्ले.) आणि तेवढ्यात तू पायरीवर चढलीस, गळ्यात पदक पडलं. पितांबर म्हणाला, पोरीचं सांत्वन करत आहेत. तुझ्या काकूने चष्मा लावून पडद्यावरचं वाचलं आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, “आते ढोलवाला कथा गयात?” ते कुठे गेले हे मलाच ठाऊक, म्हणून सायकल घेऊन त्यांना फाट्यापर्यंत गाठायला मलाच जावं लागलं. तेव्हापासून गावात माझ्या अकरा टोप्यांचं नाव कोणी काढत नाही. मी रस्त्याने गेलो की लोक विचारतात, काका, पाणी उडालं का? हे फार लागतं गं.

असो. अभ्यास कर, जेवत जा. थोरामोठ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
हेमकांतकाका

ता. क. : एक बारीकसं काम होतं. पुढच्या मुलाखतीत माझं नाव घेशील का? एकदाच. केळीच्या खांबाचा उल्लेख आला तरी चालेल.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवायच्या आत काकूने ती मुलाखत मोबाईलवर पूर्ण दाखवली. बाबांच्या पुढे तू म्हणालीस, “आणि हेमकांतकाका. त्यांच्या उड्या बघत मी मोठी झाले. ते करायचे त्याच्या उलट सगळं केलं, की पाणी उडत नाही.” पहिल्यांदा राग आला. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण तुझ्यासारखंच, फार उडालं नाही. गावात मी ‘बघत मी मोठी झाले’ इथपर्यंत दाखवतो आणि मोबाईल खिशात घालतो. तेव्हा आखाजीला येशील ती पुढचं वाक्य तिकडेच ठेवून ये. आणि आल्यावर एक उडी आपल्या विहिरीत, आपल्या पद्धतीने, मुटका करून मार. पितांबरला अगदी काठाशी बसवायचं माझ्याकडे लागलं. त्याने नवी टोपी घेतली आहे.