वेदीमागची भेग

१४ ऑक्टोबर २०२४, नोव्हाय

पोरीचं चर्च पाहून आलो. आठशे वर्षांपूर्वीचं, फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यातलं. शंभर वर्षांपूर्वी इथल्या एका मोटारवाल्या शेटनं दगडांवर नंबर टाकून, खोक्यांत भरून आणवलं आणि मिशिगनात पुन्हा रचलं. इतिहासाचंसुद्धा पार्सल!

या पार्सलच्या डागडुजीसाठी इशितानं इंजिनिअरची नोकरी सोडली. तीन वर्षं आम्ही धड बोललो नाही. आता ९ नोव्हेंबरला चर्च उघडणार. "बाबा, पुढच्या रांगेत बसा. आणि एकदाच 'चांगलं झालंय' म्हणा. प्लीज." — खोटं म्हणू?

१५ ऑक्टोबर

चुना! जुनं सिमेंट खरवडून सांध्यांत चुना भरलाय. "दगडाला श्वास घेता यायला हवा, बाबा." जग रॉकेटं उडवतंय, माझी पोरगी चुना कालवतेय. टोकदार कमानी मात्र झकास, भार अगदी नीट खाली उतरवलाय — पण ते श्रेय जुन्या गवंड्यांचं, हिचं नाही.

आणि वेदीमागे भेग! खिडकीपासून थेट वर गेलेली. "जुनी आहे, थांबलीय. आम्ही मॉनिटर करतो." मॉनिटर म्हणे! चौतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली मी.

१७ ऑक्टोबर

आमची रीत साधी. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवायची, खाली तारीख घालायची. भिंत हलली की काच तडकते. लहानपणी इशिता साइटवर यायची, पट्टी धरून उभी राहायची. सगळं विसरली.

नातीच्या मायक्रोस्कोपमधली काचपट्टी ढापली. सियानं पकडलंच. "आजोबा, नॉट यू टू!" काय म्हणायचं होतं कोण जाणे. तीन आठवड्यांत काच तडकेल — मग बघतो कसं उघडतात!

१८ ऑक्टोबर

इशिता मीटिंगमध्ये होती. चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यातल्या जिन्यानं धापा टाकत वर गेलो. भेग संपते तिथं काचपट्टी — आधीच लावलेली, तीही सियाच्याच मायक्रोस्कोपमधली! दोन्ही टोकांचं प्लास्टर अंगठ्यानं दाबलेलं, मी दाबायचो तसं. खाली इशिताच्या अक्षरात, मराठी आकड्यांत तारीख: १२.११.२०२१. नोकरी सोडल्याचं ऐकून मी फोन आपटला होता, तोच आठवडा.

काचेला साधा चरासुद्धा नाही. लाज वाटली. माझी काच खिशातच ठेवून खाली उतरलो.

९ नोव्हेंबर

सियाची काच परत केली. पुढच्या रांगेत बसलो. "चांगलं झालंय" म्हणालो. दोनदा.