घणाखाली टिकेल असा व्हाइस

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा उभ्याउभ्याच नमस्कार. (बसलो की माझा पाय हलतो, पायामुळे टेबल हलतं आणि बायको ओरडते.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? आमच्याकडचं क्षेम मात्र विचारू नका.

शाळेच्या मोठ्या फाटकाचं काम मिळालंय. जाड सळया टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायच्या आणि घणानं वाकवायच्या. फाटक वेळेत गेलं नाही, तर वर्कशॉपला टाळं आणि मी सासऱ्यांच्या भांड्यांच्या दुकानात. (त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलंय म्हणे!) तुम्ही बजावलं होतं, ठोकाठोकीला ओतीव बिडाचा घेऊ नकोस, तडकतो. पण दुकानातला तो निळा व्हाइस असा काही चकाकत होता की माझी मतीच गुंग झाली आणि तोच उचलून आणला. घण घातला मात्र, जबड्याचा तुकडा उडाला तो थेट मेव्हण्याच्या चहात. मेव्हणा म्हणाला, "बरं झालं, साखर ढवळली गेली." त्याला कशाचं काही नसतं!

मग त्याहून मोठा आणला, गरगर फिरणाऱ्या बुडाचा. दुकानदार म्हणाला, हवा तसा फिरवा. अहो, फिरतो, पण त्याला हवा तसा! घाव पडला की रुसलेल्या जावयासारखा तोंड फिरवून बसतो. (मेव्हणा म्हणतो, तुझ्यावरच गेलाय.) बूड करकचून आवळलं, तर टेबलाचाच पाय मोडला. आता डोक्यात प्रकाश पडला. घाव थेट जमिनीत उतरवणारा, लांब पायाचा, घडीव लोखंडाचा व्हाइस हवा. सगळा बाजार पालथा घातला, कुठे मिळेना. जेवतानाही चमचा ताटावर आपटत बसतो. जीव नुसता कासावीस झालाय, मामा. तुम्ही मात्र काळजी करू नका.

तुमचा भाचा

ता. क. – परसात मामींची कपड्यांची दोरी ज्याला बांधलेली असते, तो तुमचा जुना लांब पायाचा व्हाइसच ना? फाटक होईपर्यंत द्या हो. नाही म्हणालात तर मी संपलो.

पुन्हा ता. क. – राहवलं नाही, मामींनाच फोन केला. त्या लगेच हो म्हणाल्या. अट एकच, व्हाइसबरोबर मामांनाही न्यायचं. काम सोडून घरी बसल्यापासून तुम्ही डब्यांची झाकणं इतकी आवळून ठेवता की त्यांना चहापूडसुद्धा काढता येत नाही म्हणे. तर हे पत्र आजच मेव्हण्याच्या हाती पाठवतोय, उद्या सकाळी टेम्पो येईल, पिशवी भरून ठेवा. व्हाइस तेवढा लवकर परत कर, असं मामींनी बजावलंय. तुमची घाई नाही म्हणाल्या.