जमिनीला जखडलेली तिजोरी

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर संसार चालवलेली विधवा, आज पूर्ण शुद्धीवर आहे. डोळ्यांना कमी दिसते, डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

माझ्या कमाईचे राहते घर आणि त्यातली तिजोरी मी सुनेला देते. तिजोरी जमिनीला बोल्टने जखडलेली आहे, तेव्हा तिची वेगळी वाटणी होणारच नाही. कारणही लिहिते, म्हणजे मागाहून कोणी "म्हातारीला भुलवलं" म्हणायला नको.

पहिली तिजोरी धाकट्या दिरांनी पसंत केली. छोटी, चकचकीत, आकड्यांच्या कुलपाची. मी म्हटले, "जमिनीला पक्की करून घेऊ." ते म्हणाले, "वहिनी, फरशी कशाला फोडता? हे कुलूप कोणाच्या बापाच्यानं उघडायचं नाही." चोरांनी ते उघडलेच नाही. आम्ही लग्नाला गेलो असताना अख्खी तिजोरी उचलून नेली. माझ्या आईच्या बांगड्या तीत गेल्या. दीर मात्र माझाच निष्काळजीपणा सांगत फिरले. त्यांना मी काहीही देत नाही.

दुसरी घ्यायला मुलगा आणि सून बरोबर होते. दुकानदार रंग दाखवत होता. सुनेने विचारले, "आग लागली तर आतले कागद टिकतील का?" मुलगा हसला, "आपल्याकडे आहे काय जळायला?" तरी आम्ही आगीत टिकणारी, जाडजूड अशीच घेतली आणि या वेळी फरशी फोडून जमिनीला जखडली. सुनेने आपली नर्सिंगची प्रमाणपत्रे तीत ठेवली.

पुढे मुलगा तिला सोडून गेला आणि त्याने दुसरा संसार थाटला. त्यानंतर शेजारच्या दुकानातून आग आमच्या घरात शिरली. शिलाई मशीन जळाले, त्यामुळे ते कोणाला द्यायचे हा वाद उरला नाही. तिजोरीचा रंग सोलून निघाला. आत कागदांच्या कडा तेवढ्या पिवळ्या पडल्या. मी सुनेला म्हटले, "माहेरी जा, पोरी." ती म्हणाली, "आणि तुमच्याकडे कोण बघणार? चला, आधी भिंती पुसू." त्याच कागदांवर तिला दवाखान्यात नोकरी लागली. तिच्या पगारातून हे घर पुन्हा उभे राहिले.

मुलाला त्याच्या वडिलांचे घड्याळ द्यावे. तो माझा मुलगा आहे, हे मी विसरलेले नाही. घरावर त्याने हक्क सांगू नये.

सुनेने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. हे कलम तिला न विचारता घातले आहे. विचारले असते तर तिने घालू दिले नसते. तिने लग्न करावे, अशी माझी इच्छा आहे.

सही: लिहून ठेवणार, सासू
साक्षीदार: १. शेजारच्या छापखान्याच्या मालकीणबाई (सही) २. घरचे डॉक्टर (सही)
ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ मार्च