वास यायचा बंद झाला की

बाबा, मी केमिस्ट्री शिकवते त्या ठाण्याच्या कॉलेजात आज मेंदूवर व्याख्यान होतं. पाहुण्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हायड्रोजन सल्फाइड, तोच कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू, आपला मेंदू स्वतःच बनवतो, अगदी किंचित. पेशी त्यातून एकमेकींना निरोप देतात, आणि विसरण्याच्या आजारांत ते प्रमाण बिघडतं. मेंदूला इजा झाल्यावर हाच वायू मोजून दिला तर पेशी वाचतील का, हे शोधताहेत. औषध अजून नाही. मुलं लिहून घेत होती. मी मागच्या बाकावर नुसती बसून राहिले.

तुम्ही डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून आलात की आई दारातच म्हणायची, "आधी आंघोळ." तरी कोपरच्या आपल्या दोन खोल्यांत तो कुजक्या अंड्यांचा वास जेवणापर्यंत राहायचा. "वास येतोय तोवर भीती नाही," तुम्ही सांगायचात. "यायचा बंद झाला की समजायचं, वायू वाढून नाक बधिर झालंय. पळायचं." आणि त्या दुपारी सांडपाण्याच्या टाकीत तुमचा कामावरचा जोडीदार कोसळला, तेव्हा तुम्ही पळाला नाहीत. खाली उतरलात, त्याला दोर बांधून वर दिलंत आणि तिथेच पडलात.

दीड महिन्यानं हॉस्पिटलातून घरी आलात ते वेगळेच. हात थरथरतोय, चमच्याला काय म्हणतात ते आठवत नाहीये. मी बारावीत. एका सकाळी तुमच्या हातून माझ्या जर्नलवर चहा सांडला आणि मी ओरडले, "कोणी सांगितलं होतं उतरायला? आमचा विचार नाही आला?" तुम्ही बराच वेळ शब्द शोधत राहिलात. मग म्हणालात, "तो हाका मारत होता गं." चार वर्षांनी तुम्ही गेलात.

तुम्ही वर काढलेले ते काका अजून दरवर्षी तुमच्या तिथीला येतात, फोटोला हार घालतात. मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. आजही ते आले होते. व्याख्यानानं डोकं जड झालेलं, म्हणून असेल, मी बाहेर जाऊन बसले आणि तुमचं ते वाक्य त्यांना सांगून टाकलं. ते दचकून म्हणाले, "मी कुठे हाका मारल्या, पोरी? मी तर उतरताक्षणी बेशुद्ध झालेलो. मला काहीच ठाऊक नाही."

तुमच्या दुखावलेल्या मेंदूनं त्या हाका ऐकल्या, की मला गप्प करायला तुम्ही त्या रचल्यात, आता कोणाला विचारू? त्यांच्याच हाकांनी तुम्हाला खाली नेलं असं धरून मी इतकी वर्षं त्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही. आज विचारला. त्यांनी अर्धाच घेतला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून लिहिते. काका घरी गेल्यावर मला रडू नाही आलं, बाबा. तुमचा राग आला, पुन्हा, त्या चहा सांडलेल्या सकाळसारखाच.